बियर्तान: तट उभे राहिले, आळी मोडली

ट्रान्सिल्व्हेनिया म्हटले की मराठी वाचकाला बहुधा ड्रॅक्युला आठवतो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीने या प्रदेशाला चिकटवलेली ही ओळख अजून पुसली गेलेली नाही. तिच्यामागे झाकला गेलेला खरा इतिहास मात्र कादंबरीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. आजच्या रोमानियाच्या मध्यभागी, कार्पेथियन पर्वताने तीन बाजूंनी वेढलेल्या या पठारावर आठशे वर्षे जर्मन भाषिक शेतकऱ्यांची गावे नांदली. त्यांनी आपली देवळे किल्ल्यासारखी बांधली, आपला पाद्री आणि आपला न्यायाधीश स्वतः निवडला, गावातच शाळा चालवल्या आणि मंगोल, तुर्क, दुष्काळ, प्लेग या सगळ्यांना तोंड देऊन ही गावे टिकून राहिली. आणि मग विसाव्या शतकाच्या अखेरीस, कुणी वेढा घातलेला नसताना, ती काही महिन्यांत रिकामी झाली. हे कसे घडले याचे नेहमीचे उत्तर युद्ध आणि कम्युनिस्ट राजवट असे आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या गावांचे बळ ज्या संस्थांमध्ये होते, त्यांचे दरवाजे जन्माने ‘आपल्या’ असणाऱ्यांपुरतेच उघडे होते. माणसे गेली तेव्हा त्या संस्थांना वारस उरला नाही, आणि शेजारीच राहणारे लोक वारस होऊ शकले असते तरी त्यांना तसे कधी मानले गेले नव्हते. बियर्तान या एका गावाच्या इतिहासातून हे स्पष्ट दिसते.

बियर्तान ही सिबिऊ जिल्ह्यातली एक ‘कोमुना’ आहे. आपल्याकडे दोन-तीन गावांची मिळून गट ग्रामपंचायत असते, तसा हा रोमानियातला ग्रामीण कारभाराचा घटक. बियर्तान, रिकीश आणि कोपशा मारे ही तीन गावे तिच्यात येतात. एकूण लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास. मेदियाश आणि सिगिशोआरा या दोन जुन्या शहरांच्या मधल्या टेकड्यांत, मुख्य रस्ता सोडून आत वळल्यावर ही गावे लागतात. जर्मन लोक बियर्तानला बिर्थेल्म म्हणत. भोवतालच्या उतारांवर गवताने झाकलेल्या पायऱ्या-पायऱ्या आजही दिसतात. त्या द्राक्षमळ्यांच्या खुणा आहेत. तर्नावा नद्यांच्या खोऱ्याचा हा भाग वाइनसाठी नावाजलेला होता, आणि गावातले भव्य चर्च, दगडी वाडे, कोरीव दारे हा सगळा थाट त्या वाइनच्या पैशातून उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या वेलींच्या मुळ्या खाल्ल्या, तेव्हा हे मळेही गेले आणि खोऱ्यातली अनेक कुटुंबे अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या कारखान्यांकडे वळली. स्थलांतराचा पहिला मोठा लोंढा तो. तरीही गाव त्यातून सावरले, हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावे लागेल.

या जर्मन भाषिक लोकांना सॅक्सन म्हणतात, पण ते मुख्यतः ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या काठचे, लक्झेंबर्ग-फ्लँडर्सच्या बाजूचे. बाराव्या शतकाच्या मध्यात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने त्यांना बोलावले. राज्याची पूर्व सरहद्द राखायची होती, जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणायची होती आणि कर भरणारी प्रजा हवी होती. पुढे १२२४ साली दुसरा आंद्राश या राजाने त्यांना एक सनद दिली. ‘आंद्रेयानुम’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातली कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. सॅक्सनांनी दरवर्षी ५०० मार्क चांदी द्यायची आणि राज्यात लढाई असेल तर ५०० सैनिक पाठवायचे; त्या बदल्यात त्यांची जमीन राजाने कुणा सरदाराला इनाम द्यायची नाही, त्यांनी आपले न्यायाधीश आणि पाद्री स्वतः निवडायचे, दशांशाचा कर आपल्याच पाद्र्याला द्यायचा, रान आणि पाणी सामाईक वापरायचे, त्यांच्या व्यापाऱ्यांनी राज्यात जकातीशिवाय फिरायचे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक शेतकरी कुठल्या ना कुठल्या सरदाराच्या जमिनीला बांधलेला कूळ होता. त्या काळात गावाने आपला धर्मगुरू मतांनी निवडावा ही साधी गोष्ट नव्हती. बियर्तानचा पहिला लेखी उल्लेख १२८३ सालचा, तोही पाद्र्यांच्या कराशी संबंधित कागदात. आणि १३१५ साली मेदियाश, शेइका आणि बियर्तान या भागातल्या सॅक्सनांनाही तेच हक्क मिळाले. ज्या हक्काबरोबर कर्तव्याचा आकडा लिहिलेला असतो तो हक्क टिकतो, कारण देणाऱ्यालाही तो काढून घेणे परवडत नाही. ही सनद सहाशे वर्षे वेगवेगळ्या राजांपुढे दाखवली गेली आणि मानली गेली, त्याचे कारण माझ्या मते हेच.

गावाच्या मधोमध टेकडीवर चर्च आहे आणि त्याभोवती तटांची तीन कडी. पंधराव्या शतकात तुर्की फौजांच्या धाडी वारंवार होऊ लागल्या. १४३८ मध्ये सेबेश हे सॅक्सन शहर पडले आणि तिथले शेकडो लोक गुलाम म्हणून नेले गेले. शहरांना कोट होते, गावांना नव्हते. तेव्हा गावांनी आपले सर्वांत मजबूत बांधकाम, म्हणजे चर्च, हेच किल्ल्यात बदलले. अशी तटबंद चर्चे आजही दीडशेहून अधिक उरली आहेत. युरोपात एवढी दाट रांग इतरत्र क्वचितच सापडेल. बियर्तानचे सध्याचे चर्च सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे, उत्तर-गॉथिक शैलीतले. आत २८ चित्रफलकांची वेदी आहे. तिचे काम १४८३ पासून पुढे चार दशके टप्प्याटप्प्याने झाले. पण चर्चमधली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे पूजासाहित्याच्या खोलीचे दार. ओकच्या जाड लाकडावर वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाची नक्षी बसवलेली, आणि आतल्या बाजूला १५१५ सालचे कुलूप. एकच किल्ली फिरवली की डझनाहून अधिक लोखंडी अडसर दाराच्या चारही कडांमधून एकदम भिंतीत शिरतात. गावाची चांदीची भांडी, पैसे आणि सनदा या खोलीत असत. एका खेडेगावातली ही यंत्ररचना १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा ती बघायला गर्दी झाली. दार फोडायला आलेल्याला जे हवे असे त्यात चांदीइतकीच कागदपत्रेही होती, आणि गावाने ती दोन्ही त्याच अडसरांमागे ठेवली होती.

सोळाव्या शतकात ब्राशोवच्या योहानेस होंटेरुसने धर्मसुधारणेची चळवळ इथे आणली आणि १५५० पर्यंत सगळा सॅक्सन समाज लुथेरन झाला. १५७२ साली धर्मसभेने बियर्तानचा पाद्री लुकास उंगलेरुस याला बिशप म्हणून निवडले. तो गाव सोडून सिबिऊला गेला नाही, आणि ट्रान्सिल्व्हेनियातल्या लुथेरन चर्चचे पीठ १८६७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन शतके, या खेड्यात राहिले. तालुक्याच्या मुख्य ठिकाणासाठी चाललेल्या चढाओढीत बियर्तान मेदियाशपुढे हरले होते. पण सगळ्या समाजाच्या शाळा आणि धर्म यांचा कारभार मात्र या गावाकडे आला. बिशपांच्या कबरींचे दगड तटातल्या एका बुरुजात आजही उभे आहेत. दुसऱ्या एका बुरुजात भित्तिचित्रे असलेले छोटे प्रार्थनागृह आहे. त्याला कॅथलिक बुरूज म्हणतात, कारण नवा पंथ न स्वीकारलेल्या गावकऱ्यांना जुन्या पद्धतीने प्रार्थना करायला ती जागा दिली होती. एकाच कोटात दोन पंथांना जागा देणारे हे लोक दुराग्रही नव्हते, एवढी नोंद त्यांच्या बाजूने करायलाच हवी.

तरी तट आणि बिशप यांपेक्षा गाव चालवणारी संस्था वेगळीच होती. तिला ‘शेजार’ म्हणत. एका रस्त्यावरची किंवा एका विहिरीवरची घरे मिळून एक शेजार. मराठीत आपण आळी म्हणू. लग्न झाले की पुरुष आळीचा सभासद होई आणि ते सभासदत्व मरेपर्यंत सुटत नसे. आळीचा एक निवडलेला प्रमुख असे, त्याला ‘शेजारबाप’ म्हणत. त्याच्याकडे एक कोरीव लाकडी फळी असे. निरोप द्यायचा झाला की तो ती शेजारच्या घरी देई. त्याने लगेच पुढच्या घरी न्यायची. ज्याच्या उंबऱ्यावर ती अडकली त्याला दंड. विहीर साफ करणे, रात्रीचा पहारा, आग विझवणे, रस्ता दुरुस्त करणे ही कामे तर होतीच. पण कुणाचे घर बांधायचे असेल तर गवंडीकामाला हात लावणे आणि कुणी वारले तर कबर खणून शव वाहून नेणे हेही आळीचे काम होते. त्यासाठी मजुरी नव्हती आणि नकारही नव्हता. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, हिशेबाचा दिवस असे. आळीतले सगळे एकत्र बसत, वर्षभरातली भांडणे एकेक करून काढली जात, ज्याची चूक असेल त्याने सगळ्यांसमोर ती कबूल करायची, दंड भरायचा, हात मिळवायचे. मगच चर्चमधल्या प्रसादाला जाता येई. तट बांधायला, त्यांवर पहारा द्यायला, धान्य आणि मांस बुरुजांत साठवायला जी शिस्त लागते ती या बैठकांमधून आली. बियर्तानचे तीन तट दगडाचे दिसतात, पण ते कुणी कोणत्या दिवशी दगड वाहून आणायचे हे ठरवण्याची पद्धत आधी होती म्हणून उभे राहिले.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू तटाच्या पूर्वेकडच्या एका छोट्या इमारतीत दिसते. घटस्फोट मागणाऱ्या नवरा-बायकोला इथे काही दिवस एकत्र कोंडून ठेवत. एक पलंग, एक ताट, एक चमचा. तीनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला असे पर्यटकांना सांगितले जाते आणि ऐकणारे हसून फोटो काढतात. तो आकडा मी खरा धरून चालणार नाही. आणि खरा असला तरी त्यातून सुखी संसारांचा पुरावा मिळत नाही. ज्या बाईचा नवरा तिला मारत असेल, तिला त्याच्याबरोबर एका खोलीत कोंडणे म्हणजे तिची तक्रार मोडून काढणे. ज्या समाजात माणसाला आळी सोडता येत नाही, तिथे तिची मदतही सक्तीची असते आणि तिचा न्यायही. सॅक्सन गावांचे गुणगान करताना हे विसरले की त्यांचे चित्र खोटे होते.

आता मूळ मुद्द्याकडे. ही आळी, ही सनद, ही शाळा कुणासाठी होती? फक्त सॅक्सनांसाठी. १४३७ साली ट्रान्सिल्व्हेनियात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. तेव्हा हंगेरियन सरदार, हंगेरियन भाषिक सेकेय आणि सॅक्सन या तीन गटांनी एकमेकांना साथ देण्याचा करार केला. पुढची चारशे वर्षे राजकारणात हेच तीन गट ‘राष्ट्रे’ म्हणून मोजले गेले. त्या प्रदेशात मोठ्या संख्येने राहणारे रोमानियन शेतकरी आणि मेंढपाळ यांना त्यात स्थान नव्हते, आणि त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथाला मान्यताप्राप्त पंथांत जागा नव्हती. सॅक्सनांच्या प्रदेशात परक्याला घर-जमीन विकत घेता येत नसे. ज्यांना आपण जिप्सी म्हणतो आणि ज्यांच्या भाषेची मुळे उत्तर भारतात आहेत, ते रोमा लोक गावाच्या कडेला राहून लोहारकाम, वीटकाम, वाजंत्री अशी कामे करत. गावाला ते रोज लागत, पण हिशेबाच्या दिवशी ते बैठकीत नसत. १७८१ मध्ये सम्राट दुसरा योसेफ याने हुकूम काढून सॅक्सन भागात सर्वांना मालमत्ता घेण्याचा हक्क दिला, तेव्हा सॅक्सनांनी त्याला आपल्या स्वातंत्र्यावरचा घाला मानले. १७९० मध्ये तो हुकूम रद्द झाला. पुढच्याच वर्षी रोमानियनांनी आपल्याला चौथे राष्ट्र मानावे असा लेखी अर्ज सम्राटाकडे केला आणि तो फेटाळला गेला. त्या दोन-तीन वर्षांत सॅक्सनांनी दरवाजा थोडा उघडला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. त्यांनी तो बंद ठेवला आणि त्याची किंमत पुढच्या शतकात दिली, एवढे मात्र सांगता येते. १८७६ मध्ये हंगेरीच्या संसदेने सॅक्सनांचा स्वायत्त प्रदेशच मोडीत काढला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहायला शेजारचे कुणी नव्हते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सरहद्दीवरचा अल्पसंख्य समाज दारे उघडी ठेवून टिकला असता का? भाषा, पंथ, शाळा हे सगळे दोन पिढ्यांत विरघळून गेले असते. बंद दारामुळेच तर आठशे वर्षे निघाली. या आक्षेपात तथ्य आहे. पण बंद दाराने भाषा वाचवली, गाव वाचवले नाही. शिवाय सॅक्सन स्वतः वाटतात तितके एकटे नव्हते. ज्या तुर्कांपासून बचाव म्हणून तट बांधले, त्यांच्याच अनातोलियातले गालिचे त्यांचे व्यापारी आणत आणि चर्चला अर्पण करत. ब्राशोवच्या ‘काळ्या चर्च’मध्ये त्यांचा फार मोठा संग्रह आजही भिंतींवर आहे. आणि ते आले तेव्हा ही भूमी रिकामी नव्हती. १७७५ मध्ये बियर्तानजवळच्या रानात चौथ्या शतकातली काशाची एक ख्रिस्ती वस्तू सापडली. झेनोविउस नावाच्या कुणा माणसाने नवस म्हणून अर्पण केल्याचा लॅटिन लेख तिच्यावर आहे. सॅक्सन येण्याआधी आठशे वर्षे इथे कुणीतरी प्रार्थना करत होते. कोण आधी आले यावर ट्रान्सिल्व्हेनियात फार भांडणे झाली आहेत; गाव कोणाचे हे ठरवायला ती उपयोगाची नाहीत.

विसाव्या शतकाचा हिशेब थोडक्यात मांडता येतो, कारण तो एकाच दिशेने जातो. ८ जानेवारी १९१९ रोजी मेदियाशमध्ये सॅक्सनांनी ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात सामील होण्याला पाठिंबा दिला. दोनच वर्षांत जमीन सुधारणेत चर्चच्या ज्या जमिनींवर शाळा चालत त्यांतला मोठा भाग गेला आणि समाजात कडवटपणा आला. त्या कडवटपणाचा फायदा हिटलरच्या समर्थकांनी घेतला. १९४० नंतर रोमानियातल्या जर्मनांची संघटना बर्लिनच्या इशाऱ्यावर चालू लागली, विरोध करणाऱ्या बिशपाला पद सोडावे लागले, आणि १९४२ मध्ये चर्चने आपल्या शाळा त्या संघटनेच्या स्वाधीन केल्या. राजे आणि सुलतान यांना जे घेता आले नव्हते ते या समाजाने आपल्या हाताने दिले. मला हा त्यांच्या इतिहासातला सर्वांत दुःखाचा क्षण वाटतो. जर्मनी आणि रोमानिया यांच्यातल्या १९४३ च्या करारानंतर हजारो तरुण नाझींच्या एसएस तुकड्यांत भरती झाले. ऑगस्ट १९४४ मध्ये रोमानियाने जर्मनीची साथ सोडून बाजू बदलली आणि जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजेच्या हुकमाने १७ ते ४५ वयाचे पुरुष आणि १८ ते ३० वयाच्या स्त्रिया खाणीत आणि कारखान्यांत सक्तमजुरीसाठी रेल्वेच्या डब्यांतून नेल्या गेल्या. रोमानियातून सुमारे ७० हजार जर्मन गेले. त्यांत जवळजवळ ३० हजार ट्रान्सिल्व्हेनियाचे सॅक्सन. हजारो परतलेच नाहीत. २००९ ची नोबेल विजेती हेर्टा म्युलर हिची त्याच वर्षीची कादंबरी याच छावण्यांवर आहे. ज्यांनी काही गुन्हा केला नव्हता अशा अठरा वर्षांच्या मुलींना जन्माच्या दाखल्यावरून नेले गेले. नाझींना दिलेल्या साथीची ही शिक्षा म्हणणे अन्यायाचे आहे. मागे गावात शेतजमिनी जप्त झाल्या, त्या भूमिहीन रोमानियन आणि रोमा कुटुंबांना वाटल्या गेल्या, आणि लवकरच त्यांच्याकडूनही काढून सामूहिक शेतीत घातल्या गेल्या.

त्यानंतरची तीस वर्षे गावे जगली. चर्च भरत होते, आळ्या कबरी खणत होत्या. पण जमीन नाही, शाळेवर ताबा नाही, आणि मुले शहरातल्या कारखान्यात. पश्चिम जर्मनीने साठच्या दशकापासून रोमानियाशी गुपचूप बोलणी करून माणसामागे पैसे मोजायला सुरुवात केली. १९७८ मध्ये जर्मन चान्सलर हेल्मुट श्मिट आणि रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू यांच्यात वर्षाला १२ हजारांच्या आसपास जर्मनांना जाऊ देण्याचे ठरले, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माणसामागचा हा दर सुमारे नऊ हजार मार्कांपर्यंत पोहोचला. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली. सरहद्द उघडली. १९९० या एका वर्षात रोमानियातून एक लाखाहून अधिक जर्मन निघून गेले. १९३० मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात सुमारे २ लाख ३७ हजार सॅक्सन होते. आज लुथेरन चर्चचे सभासद जेमतेम दहा हजारांच्या आसपास असतील. म्हातारेही गेले, कारण आळीतले तरुण गेल्यावर आपली कबर कोण खणणार हा प्रश्न होता. ज्या संस्थेने माणसाला कधी एकटे पडू दिले नाही, ती मोडताना मात्र एकेकट्याने मागे राहणे अशक्य झाले. म्हणूनच गाव हळूहळू न ओसरता एकदम रिकामे झाले.

इथे कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या राजकारणापुढे आळीने दार उघडे ठेवले असते तरी काय फरक पडला असता? याला एक उत्तर दर्झिऊ या गावात आहे. युनेस्कोने १९९३ मध्ये बियर्तानला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि १९९९ मध्ये आणखी सहा गावे त्यात घेतली; त्यांतले हे एक. दर्झिऊ सॅक्सनांचे नाही, हंगेरियन भाषिक सेकेय लोकांचे आहे. तेच तट, तीच चाउशेस्कूची राजवट, तीच सामूहिक शेती. पण त्यांना पैसे मोजून नेणारा देश नव्हता, ते राहिले, आणि तिथल्या तटबंद चर्चच्या बुरुजात गावकऱ्यांचे धान्य आणि खारवलेले डुकराचे मांस आजही ठेवले जाते. म्हणजे संस्था जुनी झाली म्हणून मेली नाही. तिला चालवणारे हात गेले म्हणून मेली. बियर्तानमध्येही हात होतेच, फक्त ते सॅक्सन नव्हते. गावातच राहणाऱ्या रोमानियन आणि रोमा कुटुंबांना आळीचे सभासद करून घेण्याचा रिवाज नव्हता. त्यामुळे शेवटची सॅक्सन कुटुंबे गेली तेव्हा लाकडी फळी, हिशेबाची वही आणि पेटी संग्रहालयात गेली. शेजारच्या दारात ती पोहोचलीच नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळातला आहे. आता जे उरले ते पर्यटकांसाठी आणि जर्मनीतून उन्हाळ्यात भेटीला येणाऱ्या सॅक्सनांसाठी जपावे, गावकऱ्यांना त्यात काय रस? १९९० नंतर अनेक वर्षे सप्टेंबरमध्ये सॅक्सनांचा मेळावा बियर्तानला भरत असे, आणि त्या लोकांनी चर्चच्या दुरुस्तीसाठी खिशातून पैसे दिले, हे खरे आहे. पण वर्षातून एकदा भरणारी गर्दी कौले बदलत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये रोआदेश आणि रोत्बाव या दोन गावांतल्या तटबंद चर्चचे बुरूज थोड्याच दिवसांच्या अंतराने कोसळले. पाणी भिंतीत मुरत होते आणि रोज बघणारे कुणी उरले नव्हते. याउलट विस्क्री या गावाचे उदाहरण घ्या. तिथे मिहाई एमिनेस्कू ट्रस्ट या संस्थेने घरे दुरुस्त करताना बाहेरचे ठेकेदार आणले नाहीत. गावातल्याच रोमानियन आणि रोमा लोकांना चुन्याचे काम, सुतारकाम, हाताने कौले पाडणे शिकवले. गावातल्या बायका लोकरीचे मोजे विणून जर्मनीत विकतात. ब्रिटनचे आताचे राजे चार्ल्स यांनी २००६ मध्ये तिथे घर घेतल्यामुळे विस्क्रीचे नाव झाले खरे, पण गाव टिकले ते नावामुळे नाही. आज एखादी भिंत फुगली की ती कशी सावरायची हे जाणणारा माणूस त्याच रस्त्यावर राहतो. पर्यटन वाढल्यावर घरांच्या किमती वाढतात आणि स्थानिकांना गाव परवडेनासे होते, ही काळजी तिथेही आहे. ती रास्त आहे, आणि म्हणूनच निर्णय कोण घेतो हा प्रश्न पैसा किती येतो यापेक्षा मोठा आहे.

‘ओस पडलेले सॅक्सन गाव’ असे बियर्तानचे वर्णन प्रवासाच्या पुस्तकांत आढळते. ते चुकीचे आहे. कोमुनेत आज अडीच हजारांच्या आसपास माणसे राहतात, मुले शाळेत जातात, गायी संध्याकाळी रस्त्याने परततात आणि प्रत्येक आपल्या फाटकापाशी थांबते. या लोकांचे आजोबा त्या तटांच्या बांधकामात नव्हते, पण सत्तर-ऐंशी वर्षे त्या तटांच्या सावलीत त्यांचे संसार चालले आहेत. चर्चची मालकी लुथेरन चर्चकडे, दर्जा युनेस्कोचा, पैसा बऱ्याचदा जर्मनी आणि युरोपियन युनियनचा. गावकऱ्यांच्या वाट्याला तिकीट फाडणे आणि खोल्या भाड्याने देणे. १२२४ ची सनद देणाऱ्या राजाला जे कळले होते ते इथे अजून कुणी अंमलात आणलेले नाही: जो जबाबदारी उचलतो त्याला निर्णयाचाही हक्क द्यावा लागतो. बियर्तानच्या चर्चच्या आणि तटांच्या देखभालीच्या मंडळावर गावातल्या रोमानियन आणि रोमा कुटुंबांचे निवडून दिलेले प्रतिनिधी बसायला हवेत, दुरुस्तीच्या कामाचा पहिला हक्क त्यांच्या कारागिरांचा हवा, आणि गावच्या शाळेत या गावाचा इतिहास सॅक्सनांचा म्हणून नव्हे, गावाचा म्हणून शिकवला जायला हवा. या टेकडीवर पहिला दगड ठेवणारेही बाहेरून आलेलेच होते, आणि तेव्हा त्यांना हक्क लिहून दिले म्हणूनच ते इथले झाले.